चाकांवरच्या घरात नाताळची सुट्टी: ठाणे–नवी मुंबईत एका जागी थांबून दहा दिवस कसे काढावेत

कॅम्परव्हॅनमध्ये बारमाही राहणाऱ्या कुटुंबाला डिसेंबर उजाडला की सगळे नातेवाईक एकच प्रश्न विचारतात: यंदा सुट्टीत कुठे जाणार? आमचे उत्तर गेली तीन वर्षे ठरलेले आहे. २३ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत गाडी ठाण्यात किंवा नवी मुंबईत एका जागी लावायची आणि २ जानेवारीपर्यंत ती हलवायची नाही. ज्यांना वर्षातून आठच दिवस मिळतात त्यांनी त्या आठवड्यात बोरघाटात आणि वडखळच्या रांगेत उभे राहावे. आपल्याकडे उरलेले साडेअकरा महिने आहेत. शिवाय सहा मीटर लांबीची गाडी काशीद किंवा दिवेआगरच्या गल्लीत गर्दीच्या दिवशी वळवण्याचा प्रसंग एकदा आला की हा सल्ला आपोआप पटतो.

या विषयावर वाचायला मिळणारे बहुतेक मार्गदर्शन अमेरिकेतील असते आणि त्यात गोठणारे पाण्याचे पाइप, गाडीखालून येणारा बर्फाळ वारा आणि रात्रभर चालणारे हीटर यांचीच चर्चा असते. ठाण्यात डिसेंबरअखेरीस रात्रीचे तापमान बहुधा सोळा ते एकोणीस अंशांच्या आसपास असते आणि दुपारी ते तिशीला टेकते. गाडीत राहण्यासाठी वर्षातला हा सर्वांत सुखाचा काळ आहे, कारण रात्री एसी लागत नाही आणि पाऊस नसतो. आपल्या अडचणी वेगळ्या आहेत: जागा, सावली, वीज, ओल, पाणी, उंदीर आणि पाहुणे. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

जागा: नोव्हेंबरच्या मध्यापासून शोध सुरू करावा

रस्त्याच्या कडेला मुक्काम करण्याचा विचार या दहा दिवसांपुरता पूर्णपणे सोडून द्यावा. येऊर किंवा पारसिकच्या टेकडीकडे जाऊन शांत जागा शोधण्याचा मोहही टाळावा. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि तेथे बिबट्यांचा वावर आहे. मग दोन पर्याय उरतात: नातेवाइकांची गृहनिर्माण सोसायटी, किंवा पनवेल, कर्जत, बदलापूर, शहापूर या पट्ट्यातील ओळखीच्या माणसाचे शेत अथवा कृषी पर्यटन केंद्र. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले असले, तरी सुट्टीच्या आठवड्यात त्यावर विसंबून न राहता आपली जागा आपणच ठरवलेली बरी. आम्ही सोसायटी निवडतो, कारण सासूबाई पाचपाखाडीत राहतात आणि मुलीला आजीचे घर चालत जाण्याच्या अंतरावर मिळते.

सोसायटीत गाडी लावण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन स्वतः जाऊन यावे. आपल्या गाडीची उंची छतावरील सोलर पॅनेल आणि पंख्यासकट मोजलेली असावी. कंपनीच्या पुस्तिकेतील आकडा येथे उपयोगाचा नाही. प्रवेशद्वाराची कमान, त्यावरून गेलेल्या केबल आणि आतील झाडांच्या फांद्या यांची उंची पाहावी. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चाकाखाली काय आहे हे विचारावे. अनेक सोसायट्यांमध्ये आवाराखाली पाण्याची भूमिगत टाकी असते किंवा वाहनतळ पोडियमच्या स्लॅबवर असतो, आणि तो स्लॅब मोटारींचे वजन गृहीत धरून बांधलेला असतो. सामान आणि पाणी भरल्यावर आपली गाडी साडेतीन टनांच्या घरात जाते. टाकीच्या झाकणावर किंवा पोडियमवर ती उभी करू नये, मग सेक्रेटरी कितीही आग्रह करोत. अग्निशमन गाडीसाठी मोकळा ठेवलेला मार्गही अडवू नये.

सावलीचा हिशेब मात्र फारसे कोणी करत नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात ठाण्यात सूर्य मध्यान्हीसुद्धा डोक्यावर येत नाही. तो दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. त्यामुळे इमारतीची सावली भर दुपारीही जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब आणि उत्तरेकडे पडते. वीस मजली टॉवरच्या उत्तरेला गाडी लावली तर दहा दिवसांत पॅनेलवर ऊन क्वचितच येईल. जागा निवडण्याची मुभा असेल तर इमारतीच्या दक्षिणेची बाजू मागावी, आणि समोर दुसरा टॉवर नाही ना हे दुपारी साडेबाराला प्रत्यक्ष उभे राहून पाहावे. घोडबंदर रोडवरच्या दाट वस्तीत अशी जागा मिळणे कठीण असते; खारघर किंवा सीवूड्सच्या जुन्या, बुटक्या इमारतींच्या सोसायट्यांमध्ये ती तुलनेने सहज सापडते.

परवानगी लेखी घ्यावी. पहिल्या वर्षी आम्ही एका सोसायटीत केवळ तोंडी होकारावर थांबलो होतो आणि ३० डिसेंबरच्या रात्री अकरा वाजता, आवारात दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाचा मंडप येणार म्हणून, गाडी हलवायला सांगण्यात आले. मुलगी झोपलेली, ओट्यावर भांडी मांडलेली, फ्रीजचे दार उघडे आणि बाहेर पडायला रस्ता नाही, अशा अवस्थेत गाडी काढावी लागली. तेव्हापासून आम्ही व्यवस्थापकीय समितीच्या नावे एक पानी अर्ज देतो. त्यात गाडीचा क्रमांक, लांबी, उंची व भारित वजन, मुक्कामाच्या तारखा, राहणाऱ्यांची संख्या, कोणत्या सभासदाचे पाहुणे आहोत याचा उल्लेख, तसेच सांडपाणी आवारात सोडणार नाही, जनरेटर चालवणार नाही आणि वापरलेल्या विजेचे पैसे देऊ अशी तीन वाक्ये स्पष्ट लिहिलेली असतात. सेक्रेटरींची सही असलेली प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवून ठेवावी, कारण रात्रपाळीच्या माणसाला दिवसपाळीच्या माणसाने काहीही सांगितलेले नसते.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगायचे तर, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत केलेल्या बदलांना आरटीओची मंजुरी हवी आणि नोंदणी पुस्तकात तो बदल दिसायला हवा. विमा कंपनीलाही तो कळवलेला असावा. पीयूसी आणि विम्याची मुदत सुट्टीच्या दहा दिवसांत संपत नाही ना, एवढे पाहिले की हा विषय संपतो.

वीज: आधी मागणी मोजावी, मग पाहुण्यांना बोलवावे

आमच्या छतावर ४०० वॉटचे पॅनेल सपाट बसवलेले आहे. पावसाळ्याआधीच्या कडक उन्हात ते दिवसाला दोन युनिटांच्या आसपास देते. डिसेंबरमध्ये अकरा तासांचा दिवस आणि तिरपे ऊन यामुळे सव्वा ते दीड युनिटच हाती लागते. त्यातही ऑक्टोबरनंतर पाऊस नसल्याने आणि हिवाळ्यात धूळ व धुरके जमिनीलगत साचून राहत असल्याने काचेवर राखाडी थर बसतो. दर चार दिवसांनी सकाळी लवकर, काच थंड असताना, ओल्या फडक्याने पॅनेल पुसावे. ठाण्यात बांधकामे इतकी आहेत की हे काम मी आंघोळीइतकेच नियमित मानते.

खर्चाची बाजू अशी असते: बारा व्होल्टचा छोटा फ्रीज दिवसाला साधारण ०.६ युनिट, दोन लॅपटॉप ०.५, आणि पंखे, दिवे, पंप व फोन मिळून ०.३ युनिट. बेरीज १.४ होते, म्हणजे उन्हाचे उत्पन्न नेमके तेवढ्यातच संपते. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी सुमारे १.२८ युनिट साठवते, म्हणून एखादा ढगाळ दिवस निभतो. दुसरा निभत नाही. या हिशेबात इंडक्शन शेगडीला जागा नाही, हे पाहुण्यांसाठी चहा ठेवण्यापूर्वी लक्षात घ्यावे. सुट्टीत लॅपटॉप बंद राहिले तर जी वीज वाचते ती चार माणसांच्या गप्पांच्या रात्रीला पुरते.

सोसायटीतून वीज घ्यायची असल्यास १५ अँपिअरचा, अर्थिंग असलेला प्लग मागावा आणि मध्ये छोटा सबमीटर लावावा, म्हणजे निघताना पैशांवरून चर्चा होत नाही. वायर तीन तारांची आणि किमान २.५ चौरस मिलिमीटर जाडीची असावी, गाडीच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा, आणि भेंडोळे पूर्ण उलगडूनच वापरावे, कारण गुंडाळलेली वायर जास्त भाराखाली तापून वितळू शकते. वायर मुलांच्या खेळण्याच्या वाटेवरून नेऊ नये. क्रिकेटचा चेंडू लागण्यापेक्षा वायरीत पाय अडकण्याची शक्यता अधिक असते.

गॅस आणि ओल

गाडीसाठी आम्ही ५ किलोचा सिलिंडर वापरतो. तो घरगुती जोडणीशिवाय, पत्त्याच्या पुराव्याविना, केवळ ओळखपत्रावर मिळतो आणि ज्यांचा पत्ता रोज बदलतो त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. आंघोळीसाठी पाच लिटर पाणी कढत करायला साधारण ४० ग्रॅम गॅस लागतो. तिघांची आंघोळ आणि दोन वेळचा स्वयंपाक धरला तर एक सिलिंडर पंधरा ते अठरा दिवस पुरतो. पाहुणे असतील तर दहा. २५ डिसेंबरच्या आसपास वितरकांकडे गर्दी असते, म्हणून दुसरा सिलिंडर २० तारखेपूर्वीच भरून ठेवावा.

हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेरच्या हवेत उघडणारे भोक असलेच पाहिजे आणि गॅस डिटेक्टर छताजवळ न लावता गुडघ्याच्या खाली लावावा. रबरी नळी दर दिवाळीला तपासावी, साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. सिगडी, कोळशाची शेगडी किंवा शेकोटीतले निखारे गाडीत आणण्याचा विचार कोणत्याही थंडीत मनात आणू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही, आणि कॅम्परव्हॅनचे आतील आकारमान एखाद्या मोठ्या कपाटाएवढेच असते. त्याचा वेगळा अलार्म झोपण्याच्या जागेजवळ लावावा.

ओलीचा प्रश्न नवख्यांना चकवतो. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपात हवेत जाते. भाताची वाफ, श्वास आणि वाळत घातलेले टॉवेल वेगळेच. पहाटे बाहेरचा पत्रा गार झाला की हे पाणी खिडकीच्या काचेवर आणि गादीखाली उतरते. डिसेंबरमध्ये मच्छरांच्या भीतीने सगळे बंद करून झोपणाऱ्या कुटुंबाच्या गादीखाली महिन्याभरात बुरशी दिसू लागते. खाडीकाठच्या नवी मुंबईत मच्छर खरोखरच असतात, हे मान्य. परंतु उपाय बंद खिडकी हा नसून जाळीची खिडकी हा आहे. छतावरील पंखा अगदी मंद वेगावर बाहेर हवा फेकणारा ठेवावा आणि विरुद्ध बाजूची एक खिडकी दोन बोटे उघडी ठेवावी. गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी असेल तर उत्तम. सकाळी गादी उभी करून दोन तास दार उघडे ठेवावे.

पाणी आणि शौचालय

आमची टाकी १२० लिटरची आहे. शहरात सवय झालेला माणूस बादलीभर पाणी हात धुण्यात घालवतो, म्हणून पाहुण्यांसाठी गाडीबाहेर तोटी असलेला वीस लिटरचा कॅन स्टुलावर ठेवावा. आतली टाकी त्यामुळे शाबूत राहते. भरण्यासाठी खाद्यपदार्थांच्या दर्जाची नळी वापरावी, बागेची हिरवी नळी वापरू नये, कारण तिचा वास टाकीला लागतो. पाणी येण्याच्या वेळा सोसायटीगणिक वेगळ्या असतात. त्या विचारून ठेवाव्यात आणि टाकी निम्म्यावर आली की भरावी, तळ दिसेपर्यंत थांबू नये.

कॅसेटच्या शौचालयाची, म्हणजे खालची टाकी काढून नेता येणाऱ्या शौचालयाची, टाकी साधारण वीस लिटरची असते आणि तिघांना ती तीन दिवसच पुरते. ती ड्रेनेजला जोडलेल्या शौचालयातच रिकामी करावी. शेतावर मुक्काम असेल आणि तेथे सेप्टिक टाकी असेल तर कॅसेटमध्ये फॉर्मॅल्डिहाइडयुक्त निळे रसायन वापरू नये, कारण ते सेप्टिक टाकीतील उपयोगी जिवाणूही मारते. सुट्टीत सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दिवसा आजीच्या घरचे शौचालय वापरणे आणि कॅसेट फक्त रात्रीसाठी राखणे. भांड्यांचे सांडपाणी मात्र टाकीतच साठवावे आणि रात्री मोरीत नेऊन ओतावे. पावसाच्या पाण्यासाठी केलेल्या गटारात ते सोडू नये.

घरात झोपावे की गाडीत

हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो, पण आमच्याकडे सर्वांत जास्त रुसवे याच मुद्द्यावरून झाले. खोली रिकामी असताना सून आणि नात खाली गाडीत झोपतात, हे सासूबाईंना पहिल्या वर्षी अपमानासारखे वाटले. आता आमचा नियम असा आहे की जेवण वर, झोप खाली. याला भावनेइतकेच व्यावहारिक कारण आहे. चार-पाच दिवस माणूस नसलेल्या गाडीत उंदीर शिरतात, आणि नवी मुंबईत व शेताजवळ तर हमखास शिरतात. ते इंजिनाच्या उबेला बसतात आणि वायरींचे आवरण कुरतडतात. गाडीखालून जाणाऱ्या प्रत्येक पाइपाभोवतीची फट स्टीलच्या घासणीने आणि सिलिकॉनने बंद करावी, तांदूळ-डाळी झाकणाच्या डब्यातच ठेवाव्यात, आणि दिवसाआड बॉनेट उघडून टॉर्चने पाहावे.

वर जेवायला गेल्यावर भेटवस्तूही येतात. नाताळची खेळणी, नव्या वर्षाची डायरी, फराळाचे डबे. गाडीत एक वस्तू आली की एक बाहेर गेली पाहिजे, हे नात्यातल्या सर्वांना आधीच प्रेमाने सांगून ठेवावे आणि मुलांसाठी अनुभव मागावा. आमच्या मुलीला तिच्या आत्याने दोन वर्षांपूर्वी ऐरोलीच्या सागरी व किनारी जैवविविधता केंद्राची फेरी दिली होती. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. बोटीची वेळ भरतीवर ठरते, त्यामुळे आगाऊ चौकशी करूनच जावे. पक्ष्यांची गर्दी जानेवारीपासून वाढते, तरी डिसेंबरअखेरीसही ते दिसतात. अशा सर्व फिरण्यासाठी लोकल आणि बस वापरावी. लावलेली गाडी हलवली की जागा जाते.

पाहुण्यांना जेवायला घालायचे असेल तर गाडीच्या ओट्यावर आठ माणसांचा स्वयंपाक करण्याचा हट्ट धरू नये. शेतावर मुक्काम असणाऱ्यांना रायगडची पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचे जेवण, हा उत्तम मार्ग आहे. वाशीच्या बाजारात या दिवसांत वालाच्या शेंगा मुबलक मिळतात. भांबुर्डा या रानवनस्पतीचा पाला मात्र पनवेल–पेण भागातील ओळखीच्या शेतकऱ्याकडून मागवावा. मडक्याच्या तळाशी पाला, त्यावर मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, हवे तर मसाला लावलेले चिकन, आणि तोंडाशी पुन्हा पाल्याचा घट्ट बूच, अशी भरणी करून मडके जमिनीवर पालथे घालावे व भोवती काटक्या, गवत रचून पेटवावे. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडावे. ते चर्रकन उडून गेले की पोपटी झाली. जाळ गाडीपासून किमान दहा मीटर दूर आणि वारा गाडीकडून ज्या दिशेला वाहतो त्या बाजूस असावा, म्हणजे ठिणग्या गाडीकडे येणार नाहीत, आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह तेवढा वेळ बंद ठेवावा. सोसायटीच्या आवारात हा प्रकार अर्थातच करू नये.

३१ डिसेंबर

या रात्रीसाठी वेगळा नियम आहे आणि तो घरात राहणाऱ्यांना सुचत नाही. मद्य घेण्याचा बेत असेल तर आपली गाडी अशा ठिकाणीच असावी जेथून ती हलवायला कोणीही सांगणार नाही. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना वाहन चालवणे गुन्हा आहे, आणि ‘आम्ही यातच राहतो’ हे नाकाबंदीवर उत्तर होऊ शकत नाही. आम्ही दोघांपैकी एकाने त्या रात्री काहीही घ्यायचे नाही असे ठरवले आहे आणि दरवर्षी आळीपाळीने पाळतो. फटाक्यांच्या ठिणग्यांपासून छतावरील पंख्याचे प्लॅस्टिकचे झाकण जपावे: मध्यरात्री पंधरा मिनिटे ते बंद ठेवले तरी पुरे.

थंडी हवी असेल तर

खरी थंडी अनुभवायची असल्यास ५ जानेवारीनंतर माळशेज घाटावरून जुन्नरकडे जावे. तेथे रात्री पारा दहाच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो, हॉटेले रिकामी झालेली असतात आणि ओतूर–जुन्नरच्या बाजूला हुरड्याचे आमंत्रण मिळू शकते. एवढ्या थंडीत आपल्या गाडीला काहीही होत नाही. माणसांना एक जास्तीची रजई आणि खिडक्यांना उष्णतारोधक पडदे पुरतात. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही, परंतु ती वेळ हिमाचलला गेल्याशिवाय येत नाही.

निघण्याचा दिवस

२ जानेवारीला सकाळी घाई करू नये. आधी सबमीटरचा आकडा फोटोसह सेक्रेटरींना द्यावा आणि पैसे चुकते करावेत. मग सांडपाण्याची टाकी आणि कॅसेट रिकामी करावी, पिण्याची टाकी तिसरा हिस्सा भरलेली ठेवावी, म्हणजे घाटात विनाकारण वजन वाहावे लागत नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, छतावरील पंखा बंद, फ्रीजच्या दाराला कडी, ओट्यावर काही नाही, वायर उपसलेली, चाकांखालची लाकडी पाचर काढलेली. दहा दिवस उभी राहिलेल्या गाडीच्या टायरमधील हवा तपासावी आणि बॉनेट उघडून उंदरांची चाहूल पाहावी. शेवटी गाडी दोन मीटर पुढे घेऊन खाली उतरावे आणि जेथे ती उभी होती ती जमीन पाहावी: तेलाचा डाग, पाण्याचा ओघळ किंवा विसरलेली चप्पल, यांपैकी काही ना काही तेथे बहुधा सापडतेच. डाग असेल तर लाकडाचा भुसा टाकून तो पुसून घ्यावा आणि वॉचमनला दाखवूनच निघावे, कारण पुढच्या नोव्हेंबरमध्ये अर्ज त्याच केबिनमध्ये चिकटवायचा असतो.